कुठल्या वाड्यावरचे तुम्ही?

गोव्यातल्या माशेलच्या आमच्या नाट्यमंडळाचं समाजमाध्यमावरचं पान एका सकाळी उघडेनासं झालं. अकरा वर्षांच्या जत्रांतल्या नाटकांचे फोटो त्यावर होते, तालमींचे व्हिडिओ होते, आज हयात नसलेल्या दोन नटांचे शेवटचे प्रवेश होते. कुणी तक्रार केली की यंत्राने काही भलतंच ओळखलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. आम्ही चार वेळा अर्ज भरला आणि चारही वेळा तेच ठरावीक उत्तर आलं. मंडळात पेटी वाजवणारे काका मला म्हणाले, "बाय, देवळाच्या आवारात काही अडलं तर कमिटीतल्या कुणाच्या तरी घरी जाऊन विचारता येतं. इथे विचारायचं कुणाला?"

मी पर्वरीला नोकरी करते, मोबाइल ॲप बनवणं हेच माझं काम. काकांचा तो प्रश्न डोक्यातून जाईना. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये, आणि भारतीय भाषांसाठी म्हणून आलेलं कू जुलै २०२४ मध्ये. आमचं तर माध्यम चालू असून दार बंद झालं होतं. म्हणून विकेंद्रित, म्हणजे एका कंपनीच्या ताब्यात नसलेल्या, समाजमाध्यमांकडे वळायचं, मंडळाचा स्वतःचा सर्व्हर ठेवायचा आणि गावातल्या माणसांना वापरता येईल असं ॲप लिहायचं, असं मी आणि म्हापशाच्या माझ्या एका मित्राने ठरवलं. दीड वर्षाचे शनिवार-रविवार त्यात गेले.

कुठला मार्ग धरायचा यावर पहिले तीन आठवडे गेले. नॉस्टर नावाच्या विकेंद्रित व्यवस्थेत तुमची ओळख म्हणजे एक गुप्त किल्ली. प्रत्येक पोस्टवर तिची सही. सर्व्हरवर कुणाची मेहेरबानी नाही, हे मला फार आवडलं होतं. पण ती किल्ली हरवली तर जगात कुणीही ती परत देऊ शकत नाही. मंडळाची वेशभूषा सांभाळणाऱ्या माझ्या मावशीचा एक फोन विहिरीत पडला आहे आणि दुसरा फेरीबोटीवर राहिला आहे. तिच्या हातात ती किल्ली देण्याचं धाडस मला झालं नाही. ब्लूस्काय हे माध्यम ज्या नियमसंचावर चालतं त्या एटी प्रोटोकॉलमध्ये ओळख सर्व्हरपासून वेगळी असते आणि जुन्या पोस्टांसकट बिऱ्हाड हलवता येतं. या एका बाबतीत तो सगळ्यांत सरस आहे. पण सगळ्यांच्या नोंदी गोळा करून वाचायला देणारा भाग तिथे एवढा मोठा आहे की एखादं मंडळ तो चालवू शकत नाही. राहिला अ‍ॅक्टिव्हिटीपब. हा वेगवेगळ्या सर्व्हरांना एकमेकांशी बोलू देणारा नियमसंच. २३ जानेवारी २०१८ रोजी वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने त्याला शिफारशीचा दर्जा दिला. छोट्या पोस्टांचं मॅस्टोडॉन, फोटोंचं पिक्सेलफेड, व्हिडिओंचं पीअरट्यूब हे सगळे त्यावर बोलतात. इथे सर्व्हर म्हणजे माणसांचा एक गट. मंडळाला ते जुळणारं होतं, म्हणून तो घेतला. यात आम्ही काय सोडलं तेही सांगते: उद्या कुणी आमचा सर्व्हर सोडून दुसरीकडे गेलं तर त्याचे अनुयायी बरोबर जातात, जुन्या पोस्टा मात्र मागेच राहतात.

सर्व्हरवर मॅस्टोडॉन न टाकता गोटूसोशल हे सॉफ्टवेअर टाकलं. ते हलकं आहे, लहानशा भाड्याच्या मशीनवर चालतं. त्याला वाचण्या-लिहिण्यासाठी स्वतःचा असा पडदा नाही, ते मॅस्टोडॉनसाठी लिहिलेल्या ॲपशी बोलतं. म्हणजे लोकांना जे दिसणार ते आमचं ॲपच. डोमेनच्या, म्हणजे सर्व्हरच्या पत्त्याच्या, नावावर मात्र मंडळाची बैठक रात्री साडेअकरापर्यंत चालली, आणि ती तेवढी चालायलाच हवी होती. एकदा लोक त्या नावावर लिहू लागले की ते बदलता येत नाही. बाहेरच्या सगळ्या सर्व्हरांनी तुम्हाला त्याच नावाने ओळखलेलं असतं. मंडळाचं नाव द्यावं असं तरुणांचं म्हणणं होतं. काका म्हणाले, मंडळं फुटतात, गाव राहतं. गावाचं नाव घेतलं.

मग आला तो खरा प्रश्न. सर्व्हर नावाची गोष्ट लोकांना दाखवायची की लपवायची?

माझा पहिला आराखडा पूर्ण लपवण्याचा होता. ॲप उघडा, नाव लिहा, आत या. सर्व्हर निवडण्याच्या पडद्यावर बहुतेक नवी माणसं अडतात आणि परत जातात. म्हणूनच मॅस्टोडॉनच्या अधिकृत ॲपनेही २०२३ मध्ये आपलाच मोठा सर्व्हर आधीच निवडून ठेवायला सुरुवात केली. मीही तेच केलं. नावापुढचं सर्व्हरचं शेपूट काढून टाकलं, फक्त देवनागरीतलं नाव ठेवलं. दिसायला ते फार सुंदर होतं. आईने पाच मिनिटांत पहिली पोस्ट टाकली.

दुसऱ्याच महिन्यात मावशीने मुकुटांची मापं भलत्याच माणसाला पाठवली. फोंडा तालुक्यात एकाच नावाचे नाईक किती असतील! आमच्या सर्व्हरवर एक होते, आणि त्याच नावाचे दुसरे मुंबईच्या कुठल्यातरी सर्व्हरवर. मूळ पत्ता रोमन अक्षरांत असतो आणि त्याच्या शेपटात सर्व्हरचं नाव असतं. ते शेपूटच मी कापलेलं, त्यामुळे दोघे हुबेहूब सारखे दिसत होते. मावशी म्हणाली, "अगो, नाव सारखं असलं की आपण वाडा विचारतो. तुझ्या ॲपात वाडाच नाही."

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे वाडा म्हणजे चौसोपी घर नव्हे; गावाचा एक भाग, वस्ती. दोन सारख्या नावांची माणसं असली की कुठल्या वाड्यावरचा, हा पहिला प्रश्न. त्या संध्याकाळी मी ॲपमधला 'सर्व्हर' हा शब्द काढून 'वाडा' केला आणि प्रत्येक नावाखाली बारीक अक्षरांत वाड्याचं नाव आणलं. मित्राचा विरोध होता. एक ओळ वाढली की छोट्या फोनवर एका नजरेत साडेचारऐवजी चारच पोस्टा दिसतात, आणि पडद्यावरची प्रत्येक ओळ महाग असते. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. शेवटी आपल्याच वाड्यावरच्या माणसाखाली ती ओळ दाखवायची नाही, बाहेरच्याखाली दाखवायची, असं ठरलं. गावातही आपण तसंच करतो.

वाडा आल्यावर आणखी एक गोष्ट आपोआप सुचली. प्रत्येक सर्व्हर आपल्या चालकाचा संपर्क जाहीर करू शकतो, आणि ॲपला तो मागता येतो. बहुतेक ॲपमध्ये तो चार पडदे आत गाडलेला असतो. मी वाड्याच्या नावावर बोट ठेवलं की लगेच उघडेल असा केला आणि बटणावर लिहिलं, 'कारभाऱ्याला विचारा'. काकांच्या प्रश्नाचं उत्तर मी एवढंच देऊ शकत होते. सोपेपणासाठी सर्व्हर लपवला की विचारायचं कुणाला हेही त्याच्याबरोबर लपतं, हे मला मुकुटांच्या घोळापर्यंत दिसलं नव्हतं.

या बटणाची किंमत सप्टेंबरात कळली. मंडळातल्या एका नववीच्या मुलाचा स्त्रीपार्टाच्या तालमीतला व्हिडिओ त्यानेच हौसेने टाकला होता. शाळेत चिडवाचिडवी सुरू झाली. त्याने रात्री तो पुसला. आमच्या सर्व्हरवरून तो तत्काळ गेला. पण तोवर ती पोस्ट दुसऱ्या दहा-बारा सर्व्हरांवर पोहोचली होती. अ‍ॅक्टिव्हिटीपबमध्ये पुसणं म्हणजे त्या सगळ्यांना 'हे काढा' असा निरोप पाठवणं. निरोप मिळाला नाही, किंवा समोरच्या सॉफ्टवेअरने तो मानला नाही, तर प्रत तिथेच राहते. एका सर्व्हरवर ती राहिली होती. मुलगा माझ्याकडे रडत आला. ॲपने त्याला सांगितलं होतं, 'पोस्ट पुसली.' ते वाक्य मी लिहिलं होतं आणि ते खरं नव्हतं.

त्या सर्व्हरच्या कारभाऱ्याला मी लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, व्हिडिओ काढला होता, आणि क्षमाही मागितली होती. त्यांचा सर्व्हर त्या रात्री बंद पडलेला होता.

आता पुसण्याच्या बटणावर असं लिहिलं आहे: 'इथून लगेच पुसलं जाईल. जिथे जिथे पोहोचलं तिथल्या वाड्यांना पुसायला सांगू. ते पुसतीलच असं नाही.' हे वाचून माणसं घाबरतात, पोस्ट टाकायलाच कचरतात, हे मित्राचं म्हणणं आकड्यांवरूनही दिसलं. चाचणी करणाऱ्या एकोणीस जणांपैकी सहा जणांनी तसं बोलून दाखवलं. तरी वाक्य ठेवलं. त्याच्या जोडीला, फोटो किंवा व्हिडिओ असलेली पोस्ट 'पाठवा' म्हटल्यावर तीस सेकंद फोनमध्येच थांबते. तेवढ्यात परत घेतली तर ती कुठेच गेलेली नसते. जत्रेतून थेट फोटो टाकणाऱ्या पोरांना हे तीस सेकंद डाचतात. मी ते कमी करणार नाही.

खासगी निरोपांचंही तसंच. मॅस्टोडॉनच्या पद्धतीत 'खासगी' पोस्ट ही मुळात पोस्टच असते, फक्त उल्लेख केलेल्यांनाच दिसते. ती दोन टोकांमध्ये कुलूपबंद नसते. दोन्ही बाजूंच्या सर्व्हरच्या चालकाने ठरवलं तर तो ती वाचू शकतो. आमच्या सर्व्हरची चालक मी. गावातल्या माणसांचे खासगी निरोप वाचता येतील अशा जागी मला उभं राहायचं नव्हतं. पहिल्या आवृत्तीतून ती सोयच काढली. लोकांनी सर्वांत जास्त मागितलेली सोय हीच आहे, आणि अजून दिलेली नाही.

आता देवनागरीबद्दल. यावर मी सगळ्यांत जास्त वेळ दिला आणि याबद्दल लिहिलेलं मला मराठीत कुठे सापडलं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या देवळापुढे चिखलकालो, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव, होतो. आमची पहिली मोठी चाचणी त्याच दिवशी ठेवली होती. मी #चिखलकालो असं लिहिलं आणि पडद्यावर फक्त 'च' निळा झाला. बाकीचा शब्द काळाच राहिला. कारण साधं होतं. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांची संगणकासाठीची यादी. हॅशटॅग ओळखण्यासाठी आम्ही 'युनिकोडमधली कुठलीही अक्षरं' असा नियम लिहिला होता. युनिकोडच्या हिशेबात च हे अक्षर आहे, पण वेलांटी, काना, मात्रा, अनुस्वार ही अक्षरं नाहीत, ती चिन्हं. पहिली वेलांटी आली की नियम थांबला. इंग्रजी, फ्रेंच, रशियन मजकुरावर चाचण्या केल्या तर ही चूक कधीच दिसत नाही. नियमात चिन्हं घातली आणि चिखलकालो पूर्ण निळा झाला.

मग मावशीने #किनाऱ्यावर लिहिलं आणि तो 'किनार्' पाशी तुटला. हा अर्धा र, ज्याला आपण डोळ्यांसमोर एकच मानतो, दोन तऱ्हांनी टंकला जातो. काही कळफलक ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलन्त देतात. काही साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. ते जोडचिन्ह अक्षरही नाही आणि आपण घातलेल्या चिन्हांतही मोडत नाही. म्हणजे नियमात तेही वेगळं घालावं लागलं. त्यानंतरही दोघांनी टंकलेला तोच शब्द दोन वेगळे हॅशटॅग होतात, एकाच्या यादीत दुसऱ्याची पोस्ट दिसत नाही. एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणाऱ्या युनिकोडच्या नेहमीच्या सामान्यीकरणानेही ही दोन रूपं एक होत नाहीत.

इथे खरी निवड करावी लागली. लिहिणाऱ्याच्या मजकुराला ॲपने हात लावायचा का? मला माणसाने लिहिलेलं जसंच्या तसं जपणं महत्त्वाचं वाटतं. पण हॅशटॅगचं कामच मुळी माणसांना एकत्र आणण्याचं आहे. म्हणून फक्त हॅशटॅगपुरतं, पाठवण्याआधी, दुसरं रूप ऱ मध्ये बदलतो. बाकी मजकुराला स्पर्श करत नाही. हे अपुरं आहे हे मला माहीत आहे. लिहिताना दिसणारा रंग आमच्या ॲपचा असतो, पण प्रत्यक्षात हॅशटॅग कुठे संपतो हे सर्व्हर ठरवतो, आणि प्रत्येक सॉफ्टवेअरचा नियम निराळा.

अक्षरं मोजणं तर आणखी अवघड. मॅस्टोडॉनवर मुळात ५०० अक्षरांची मर्यादा आहे, गोटूसोशलवर ५०००, आणि चालक ती बदलू शकतो. म्हणून आकडा ॲपमध्ये कोरून न ठेवता सर्व्हरला विचारायचा, इथपर्यंत सोपं. पण अक्षर म्हणजे काय? 'लक्ष्मी' हा शब्द कुणाही मराठी माणसाला दोन अक्षरी वाटेल. संगणकात त्याचे सात तुकडे आहेत. युनिकोडच्या जुन्या नियमाप्रमाणे त्याची चार अक्षरं व्हायची, कारण जोडाक्षर हलन्तापाशी तोडलं जायचं. २०२३ च्या १५.१ आवृत्तीपासून देवनागरी जोडाक्षर अखंड मानलं जातं आणि उत्तर दोन येतं. नव्या फोनवर दोन, जुन्या फोनवर चार, आणि सर्व्हर त्याच्या आवृत्तीप्रमाणे काहीतरी तिसरं. आम्ही मुद्दाम तुकडेच मोजतो. काही अक्षरं वाया जातात, पण एवढं लिहून शेवटी 'मजकूर मोठा आहे' असं सर्व्हरकडून ऐकावं लागत नाही.

मध्ये आठवडाभर ब्लूस्कायसाठीही प्रयोग केला. तिथे मजकुरातला दुवा कुठून कुठवर आहे हे बाइटमध्ये सांगायचं असतं. 'माशेल' डोळ्याला तीन अक्षरं, संगणकाला पाच तुकडे, आणि यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत पंधरा बाइट. आमचा कोड तुकडे मोजून सांगत होता. त्यामुळे दुव्याची निळी रेघ दुव्यावर पडण्याऐवजी मागच्याच शब्दांवर पडायची. दुरुस्ती दोन ओळींची होती, शोधायला अख्खा रविवार लागला. बाहेर पाऊस, दुपारभर लाईट नाही.

भाषेच्या खुणेबद्दल थोडक्यात. गोव्यात १९८७ च्या कायद्याने कोकणी राजभाषा आहे आणि मराठीही शासकीय कामांसाठी वापरता येते. आमच्याच मंडळात मराठीत, देवनागरी कोकणीत आणि रोमी (रोमन लिपीतल्या) कोकणीत लिहिणारी माणसं आहेत. पोस्टची भाषा आपोआप ओळखणारं यंत्र आम्ही लावून पाहिलं, तर ते देवनागरी कोकणीला सर्रास मराठी म्हणायचं. आमच्या गावात ही चूक नुसती तांत्रिक राहत नाही. यंत्र काढून टाकलं. ॲप पहिल्या वेळी विचारतं आणि माणसाने दिलेलं उत्तर लक्षात ठेवतं.

फोनवर वाजणाऱ्या सूचनांबाबत (नोटिफिकेशन) आम्ही तडजोड केली, आणि ती अजून सलते. अँड्रॉइडवर ॲपने स्वतःच अधूनमधून सर्व्हरला विचारायचं ठरवलं तर त्या कामाला १५ मिनिटांपेक्षा कमी अंतर मिळत नाही. तालीम सातची आठला गेली हे पंधरा मिनिटांनी कळून उपयोग नसतो. म्हणून गूगलच्याच निरोप-व्यवस्थेतून सूचना जातात. मजकूर सर्व्हरवरच कुलूपबंद होतो, तो फक्त फोनमध्ये उघडतो; पण कुणाला केव्हा निरोप आला हे त्या एका मोठ्या दारातून जातं. ज्यांना ते नको त्यांच्यासाठी युनिफाइडपुश या गूगलबाहेरच्या वाटेची सोय ठेवली आहे. ती आजवर तिघांनी वापरली, त्यातला एक माझा मित्र.

वाळपईकडच्या एका शिक्षिकेने विचारलं, त्यांच्या भजनी मंडळाला आमच्या वाड्यावर जागा मिळेल का. मी त्यांना त्यांचाच वाडा उभारायला सांगितलं आणि दोन शनिवार जाऊन मदत केली. तिकडे डोंगराच्या कुशीत नेटवर्क येतं-जातं, म्हणून मागच्या पोस्टा फोनमध्ये साठवणं आणि मधली भोकं नंतर भरणं, हे काम त्यांच्यामुळे नीट झालं. सर्व्हरला 'यानंतरच्या पोस्टा दे' म्हटलं तर एका पद्धतीत तो सगळ्यांत ताज्या देतो आणि मध्ये खड्डा पडतो. दुसऱ्या पद्धतीत जिथे वाचन थांबलं तिथून पुढच्या देतो. आम्ही दुसरी घेतली. ताजं उशिरा दिसतं, पण काही सुटत नाही. शिक्षिकाबाईंना तेच हवं होतं.

गेल्या महिन्यात मंडळाच्या बैठकीत काकांनी विचारलं, "बाय, तू उद्या लग्न होऊन बंगळूरला गेलीस तर कारभारी कोण?" तोवर बटणामागे एकटं माझंच नाव होतं. आता माझ्या खाली मित्राचं आणि खजिनदार मामांचंही आहे. मामांना सर्व्हरमधलं काही कळत नाही, पण फोन ते पहिल्या घंटीला उचलतात. डोमेनची आणि भाड्याच्या मशीनची मुदत कधी संपते ते त्यांनी मला विचारून घेतलं आणि मंडळाच्या वहीत, रंगभूषेच्या खर्चाच्या वर, लाल शाईने लिहिलं.